ळच्या पोटातला ठिपका

आमच्या कारखान्यात एक नियम होता आणि तो मीच घातला होता. पाटीवर चूक झाली तर ती कारखान्याची. कोणाच्या हातून झाली, ते उंबरठ्याबाहेर जायचे नाही. चाळीस वर्षे या शहरातल्या ट्रामच्या पाट्या आमच्याकडे रंगल्या. 'थुंकू नये', 'धावत्या गाडीतून उतरू नये', 'आत सरकावे'. सारे शहर माझ्या आज्ञेत होते, असे म्हटले तर फारसे खोटे ठरणार नाही. कारखाना बंद झाला तो माझ्या गुडघ्यांमुळे, हातामुळे नव्हे.

माझी नात कॉलेजात जाते. ती ट्राममध्ये गुपचूप कागद चिकटवत फिरते, हे मला तिच्या पिशवीतून पडलेल्या एका कागदावरून कळले. त्यावर छापले होते, 'शेजाऱ्याकडे पाहुन हसावे.'

"हा काय प्रकार आहे?"

"गंमत गं, आजी. लोक आधी दचकतात, मग हसतात. आता तू रागावणार."

"रागावणारच! 'पाहून'मधला हू ऱ्हस्व? शहराची थट्टा करायची तर ती शुद्ध तरी असावी. आणि कागद काय चिकटवतेस, औषधाच्या बाटलीसारखा? माळ्यावरचा पत्रा काढ."

सात पाट्या मी स्वतः रंगवल्या, निळ्यावर पांढरे अक्षर, अगदी सरकारी थाटात. एकीवर लिहिले, 'उभ्या प्रवाशांनी बसलेल्यांचा हेवा मनातल्या मनात करावा.' दुसरीवर, 'सासूविषयी हळू बोलावे. ती मागच्या बाकावर असू शकते.' आणि माझी सर्वांत लाडकी: 'या आसनावर बसून खोटे बोलू नये. आसन जुने आहे. त्याला सारे कळते.'

नातीने भरदिवसा त्या स्क्रूने आवळल्या. "अंगात पिवळं जाकीट असलं की कोणी काही विचारत नाही, आजी," ती म्हणाली. पुढे आम्ही दोघी मुद्दाम त्या ट्राममधून हिंडलो. जुन्या आसनावरचा एक गृहस्थ फोनवर सांगत होता, "अहो, मी ऑफिसातच आहे." त्याची नजर पाटीवर गेली, आवाज खाली आला. "म्हणजे... निघालोय." नातीने माझा दंड इतका घट्ट दाबला की काळानिळा पडला. इतकी मी कित्येक वर्षांत हसले नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात डेपोचे साहेब घरी आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाटी त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

"मोठ्या बाई, लोक आता 'दाराशी उभे राहू नये' वाचूनही हसतात. खरी पाटी कोणती, खोटी कोणती, कळेनासं झालंय. एवढं सांगा, हे अक्षर कोणाचं? तुमच्याइतकं जाणणारं दुसरं कोणी नाही."

मी पाटी हातात घेतली आणि 'कळते'वर माझी नजर थिजली. ळच्या दुसऱ्या गाठीच्या पोटात मोहरीएवढा ठिपका होता. ही आमच्या कारखान्याची खूण. हाताने ती आपोआप टेकवली होती, मला न विचारता. हा ठिपका देणारे आता दोनच हात उरले होते. एक माझा. दुसरा माझ्या शिष्याचा, जो डेपोत पाट्या रंगवतो. शिकताना तो ठिपका नेहमी विसरायचा, म्हणून मीच त्याचे नाव 'ठिपका' ठेवले होते.

साहेब हात जोडून बसले होते. भिंतीवर माझे सन्मानपत्र होते. चहाचा ट्रे घेऊन नात दारात उभी होती.

"वळण माझ्या कारखान्याचे आहे," मी म्हणाले. "पण हात माझा नव्हे."

ट्रेमधल्या कपबशा वाजल्या.

चार दिवसांनी नातीने बातमी आणली. "आजी, ठिपकाकाकांना घरी बसवलंय. नोकरी जाईल म्हणतात."

"चौकशी होईल, सुटेल. कर नाही त्याला डर कशाला?" म्हण तोंडून गेली आणि माझी मलाच बोचली.

"मग मी जाऊन सांगते."

"तू घराबाहेर पाऊल टाकायचे नाहीस."

तिने माझ्याकडे पाहिले. घरातल्या कोणी माझ्याकडे तसे कधी पाहिले नव्हते. पुढचे आठ दिवस मी तिच्या हातचा चहा घेत राहिले आणि ती तो न बोलता ठेवत राहिली.

नवव्या दिवशी मी डेपोत गेले. साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर ठिपका चौकशीसाठी बसला होता. पन्नाशीचा माणूस, पण मला पाहताच पोरासारखा उठून उभा राहिला.

"बाई, तुम्ही कशाला आलात? जिने आहेत इथं."

"तू कबूल केलेस म्हणे?"

"साहेब म्हणाले, बाईंनी सांगितलंय, हात त्यांचा नाही. मग उरलं कोण?"

"पाटीवरचा ठिपका ओळखलास?"

"पहिल्याच दिवशी. आणि 'नये'ची मात्रा. माझी मात्रा अजून इतकी सरळ कुठं येते?" तो हसला. "नियम तुमचाच, बाई. चूक उंबरठ्याबाहेर न्यायची नाही."

तो नियम मी लहानांना सांभाळण्यासाठी केला होता. तो त्याने पाळला. मी त्याच्याआड लपले.

साहेबांना माझे खरे वाटेना. "तुम्ही त्याला पाठीशी घालताय. या वयात असा हात चालतो?"

"कुंचला द्या."

त्यांच्यासमोर मी 'कळते' लिहिले. हात कापला नाही. कापला असता तर बरे झाले असते. ठिपका आपसूक पडला. साहेबांनी ती पाटी शेजारी धरून दोन्ही ठिपके ताडून पाहिले.

"आणि स्क्रू?"

"मी आवळले," दारातून नात म्हणाली. मी तिला ये म्हटले नव्हते.

ठिपक्याची नोकरी राहिली. पण साहेबांनी ठरवले की यापुढे हाताच्या अक्षरावर भरवसा नको. पाट्या छापून येतील. आता ठिपका रोज एकेका ट्राममध्ये चढतो आणि आपल्याच हातच्या पाट्या उतरवतो. कुंचला त्याने कपाटात ठेवला आहे. मला तो एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर मी ऐकून घेतले असते.

गेल्या मंगळवारी मी जुन्या मार्गाच्या ट्राममध्ये चढले. सगळीकडे नव्या, चकचकीत, निर्जीव पाट्या. फक्त त्या जुन्या आसनापाशी, डेपोत जमा झालेली माझी निळी पाटी पुन्हा लागली होती. स्क्रू नवे होते, नीट आवळलेले. ते कोणाचे काम, हे मला विचारावे लागले नाही.

त्या आसनावरची मुलगी मला पाहून उठली. "बसा ना, आजी."

"नको, बाळ," मी म्हणाले. "मी उभीच बरी."

शेवटच्या थांब्यापर्यंत मी दांडा धरून उभी राहिले. गुडघे फार दुखले. आसन रिकामेच राहिले.