कालचा वेग

गल्लीतली वीज सकाळीच गेली होती. जमिनीखालची जुनी केबल कुठेतरी बिघडली होती, आणि ती जागा शोधणं हे वीज कंपनीत लागलेल्या, बेकरीवाल्या मामाच्या भाचीचं काम. चौकातल्या पेटीला तिने यंत्र जोडलं, केबलमध्ये सिग्नल सोडला. बिघाडावर आपटून तो परत आला आणि यंत्राने अंतर दाखवलं. टेपने मोजत गेली, तर टेप थेट मामाच्या बेकरीत शिरली. भट्टीच्या खाली! खणायचं तर भट्टी पाडावी लागणार; आता आली का पंचाईत? आजोबांनी स्वतःच्या हातांनी रचलेली भट्टी ती.

"खात्री आहे ना तुझी?" मामाने विचारलं.

"यंत्र कशाला खोटं बोलेल, मामा?"

"यंत्राला नाही गं विचारत. तुला विचारतोय."

"हो," म्हणाली आणि मोकळी झाली बाई!

मामा निखारे बाहेर ओढायला लागला. आणि इकडे हिचा पाय काही एका जागी ठरेना. जोडलेले चिमटे पुन्हा दाबून बघितले, पाणी प्यायली, गाडीपर्यंत जाऊन उगाच परत आली. काहीतरी राहिलंय, काहीतरी राहिलंय, असं आतून कुणी टोचत होतं.

"अगं भिंगरी, उभी राहा की जरा!" खोदकामाच्या माणसांचा मुकादम वैतागला.

"दुसऱ्या टोकाकडून एकदा बघून येते."

"आता हा कसला नसता उद्योग?"

पण ती यंत्र उचलून निघालीसुद्धा. त्या टोकाकडून मोजलं, तर बिघाड बेकरी ओलांडून पार लाँड्रीपाशी! केबल एक, बिघाड एक, आणि जागा दोन? दोन्हीकडची मापं एकमेकांना ओलांडून पुढे गेली होती. म्हणजे यंत्र दोन्ही वेळा जास्तच अंतर दाखवत होतं.

तिने यंत्रातला वेगाचा आकडा उघडून बघितला. केबलमधून सिग्नल किती वेगाने पळतो, हे यंत्राला आपणच सांगायचं असतं. काल नवी, प्लास्टिकच्या आवरणाची केबल तपासली होती. तिच्यातून सिग्नल जोरात जातो. आजची जुनी, आत कागद गुंडाळलेली. हिच्यात तो मंद. आणि वेग कालचाच राहिला होता!

ती धावत सुटली. "मामा, थांब! थांब रे!"

बेकरीतून हातोड्याचे आवाज येत होते. मुकादमाच्या माणसांना मामाने भट्टीला हात लावू दिला नव्हता. पाडायचीच तर मीच पाडीन, म्हणाला होता. भट्टीच्या तोंडाची कमान खाली आली होती.

"इथे नाहीये," ती कशीबशी म्हणाली. "माझं चुकलं. वेग बदलायचा राहिला माझ्याकडून."

मामाने हातोडा खाली ठेवला. मुकादम दुसरीकडेच बघायला लागला.

केबलमधली एक तार शाबूत होती आणि तिची पूर्ण लांबी माहीत होती. तेवढीच लांबी दिसेपर्यंत तिने वेग कमी करत आणला, मग पुन्हा मोजलं. जागा निघाली मुकादमाची गाडी उभी होती तिच्या खाली. गाडी हलवली, खणलं, तर जळकी केबल समोर. दुपार कलायच्या आत गल्लीत वीज आली. लोक तिला शाबासकी देत होते आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

ती बेकरीत गेली. मामा विटांवरची काजळी पुसत बसला होता.

"मामा, शिव्या दे. पण काहीतरी बोल."

त्याने एक वीट पुसली, बाजूला ठेवली, दुसरी घेतली.

"तुला विचारलं होतं गं मी," तो म्हणाला. "यंत्राला नव्हतं विचारलं."