व्हर्डेलच्या खांद्याला पेलणारी बंदूक

गेले काही दिवस अंधार पडला की व्हर्डेलच्या मागच्या दाराची कडी कोणीतरी हलवून जात होतं. व्हर्डेल माझी मैत्रीण, आमच्या चर्चमधली. नवरा गेल्यापासून कापसाच्या शेतांपलीकडच्या घरात एकटी राहते. उंची माझ्या खांद्याएवढी, आणि हट्ट चर्चच्या मनोऱ्याएवढा. शेरीफच्या माणसानं येऊन बॅटरी फिरवली, दार नीट लावा म्हणाला आणि गेला.

तिचा दीर रॉस्को म्हणाला, "वहिनी, घर मला विका आणि गावात या."

"मी बंदूक घेईन," ती म्हणाली.

त्यावरून पैज लागली. रॉस्कोच्या कुरणात त्याच्या बंदुकीतून व्हर्डेलनं लागोपाठ तीन बार काढायचे. निघाले तर तो घराचं नाव काढणार नाही. नाही निघाले तर तिनं घर त्याला विकायच्या कागदावर सही करायची. तिनं देवाला स्मरून शब्द दिला. मला मात्र संशय आला. तिच्या जमिनीला लागूनच रॉस्कोची जमीन आहे.

शिवाय पैजेच्या आदल्या रविवारी चर्चमध्ये मी एक गोष्ट पाहिली होती. आमचे पाद्री प्रवचन बोलता बोलता सुरात शिरतात, आवाज चढत जातो, आणि अंगावर असा काटा येतो की वाटतं, प्रभू याच बाकावर येऊन बसलाय. ते श्वास घ्यायला थांबले की रॉस्को, चर्चचा डीकन म्हणजे पाद्रीबाबांचा मदतनीस, "गा, पाद्रीबाबा!" म्हणून साथ देतो. इतक्या वर्षांत त्याचा ठेका चुकला नव्हता. त्या रविवारी तीनदा चुकला. पाद्रीबाबा गात होते कोटाच्या भिंतीवरच्या पहारेकऱ्याबद्दल, अंधारात येणाऱ्याला जो ओळखतो. ज्याचं मन स्वच्छ आहे, त्याचा ठेका असल्या प्रवचनात चुकेल का?

शनिवारी दुपारी आम्ही कुरणात गेलो.

"मुद्दाम हलकी बंदूक काढलीय वहिनींसाठी," रॉस्को म्हणाला. "चाप ओढला की पुढचं काडतूस आपोआप चढतं. काडतुसंही मऊ, कमी दारूची आणलीत."

व्हर्डेलनं बार काढला. काडतुसाचं रिकामं नळकांडं बाहेर पडायच्या खाचेतच अडकलं. तिनं ते उपसून काढलं, पुन्हा बार काढला, पुन्हा अडकलं.

"पाहिलंत? हे तुमचं काम नव्हे," रॉस्को म्हणाला. फार लवकर म्हणाला.

"डीकन, तुम्ही मारून दाखवा ना," मी म्हणाले.

त्यानं खिशातली काडतुसं भरली आणि धडाधड तीन बार काढले.

"ही नव्हेत. तिला दिलीत ती भरा."

"सिस्टर अर्नेस्टीन, तुम्ही माझी झडती घेताय का?" चर्चमधल्या सगळ्याच बायकांना तो सिस्टर म्हणतो.

"देव घेईल. मी फक्त बघतेय."

त्यानं मऊ काडतुसं भरली. पहिल्याच बाराला बंदूक अडकली. तो त्या खाचेत डोकावत राहिला. "पण मी तर वहिनींच्या खांद्याला लागू नये म्हणून..."

आमच्याकडे सगळे हीच चूक करतात. बाई लहान दिसली की हलक्यात हलकी बंदूक तिच्या हातात देतात. ही बंदूक चालते स्वतःच्याच धक्क्यावर. मऊ काडतुसात तेवढा धक्का नसतो. आणि कडक काडतूस घातलं तर हलक्या बंदुकीचा सगळा मार खांद्यावर. रॉस्कोला हे ठाऊक नव्हतं की चांगलंच ठाऊक होतं, ते मी त्याच्या चेहऱ्यावर शोधत होते. सापडलं नाही.

मी गाडीतून माझी वीस बोअरची बंदूक आणली. ती दारू जळून होणाऱ्या वायूवर पुढचं काडतूस चढवते, धक्का निम्मा स्वतःच गिळते. लांबी आपल्या मापाची आहे का बघायला व्हर्डेलनं दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवलं. बोट चापापर्यंत आरामात पोचलं.

"अहो, ही जड आहे, नळी खाली झुकेल," रॉस्को म्हणाला.

"पैज तुमच्याच बंदुकीची होती ना?" व्हर्डेलनं विचारलं.

"हो."

"मग तुमची चालत नाही म्हटल्यावर दुसरी चालेल."

रॉस्को बाजूला झाला.

पहिला बार समोर नेमासाठी ठोकलेल्या पाटीत लागला. दुसराही. तिसऱ्याला नळी खरंच झुकली आणि गवताची ढेकळं उडाली.

"तिसरा जमिनीत गेला, वहिनी."

"बार म्हणाला होतात, भावजी. नेम म्हणाला नव्हतात. नेम मी शिकेन. आजच जाऊन अशीच घेते, आणि कडी वाजली की कोण आहे म्हणून विचारणारसुद्धा नाही, सरळ बार काढेन."

रॉस्कोचा चेहरा उतरला. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"वहिनी, विचारा. आधी विचारा. कडी मी हलवायचो. दार लावलंय का, एवढंच बघून जायचो."

व्हर्डेलनं नळी जमिनीकडे केली.

"मग हाक का नाही मारलीत?" व्हर्डेलनं विचारलं.

तो टोपीची कड बोटांत फिरवत राहिला. तो काळजीपोटी यायचा की जमिनीपोटी, हे आजही मला सांगता येत नाही. मी दोघांसाठीही प्रार्थना करते, पण त्याच्यासाठी करताना डोळे पूर्ण मिटत नाही.

व्हर्डेलनं बंदूक रिकामी करून मला दिली. "घर माझं राहील, भावजी. रविवारी प्रार्थनेनंतर जेवायला या. पुढच्या दारानं."