बरी झालेली बाई

"अगं, अगं, पडतेस!" माल्सुनने हातातली सुरी टाकली आणि बोंग्नेच्या काखेत हात घालून तिला सावरलं. कालवं सोलायच्या लांब टेबलावर बोंग्ने पालथी झाली होती. शिंपल्यांचा ढीग तिच्या कोपराने ढासळून शेडभर पसरला होता.

"काही नाही, पाय घसरला."

"घसरायला तू चालत होतीस कुठे?" माल्सुन म्हणाली. "सकाळपासून एका जागी उभी आहेस. परत दुखायला लागलंय ना पोटात? खरं बोल."

बोंग्नेने रबरी हातमोज्याच्या पाठीने कपाळ पुसलं. "हळू बोल. रविवार होऊ दे."

"रविवारी काय आहे?"

"जेमुनची साक्ष आहे. बुसानच्या मोठ्या चर्चमध्ये, तिथल्या मंडळीसमोर. मलाही बोलावलंय."

माल्सुन किनाऱ्यावरच्या थोंगयंग गावच्या ह्या शेडमध्ये बोंग्नेच्या शेजारी वीस हंगाम उभी होती. देवाधर्माशी तिचं फारसं पटत नसे. ती म्हणाली, "म्हणजे पोरगा तिथं सांगणार आई बरी झाली, आणि आई इथं मरणार! तुझ्या देवाला तरी फसवू नकोस बाई. त्याला दिसतंय."

"देवाला दिसू दे. लोकांना दिसलं नाही म्हणजे झालं."

चार वर्षांपूर्वी बोंग्नेच्या पोटात गाठ निघाली होती. नवरा आधीच गेलेला. एकुलता एक जेमुन तेव्हा बोटींची इंजिनं दुरुस्त करायला शिकत होता. तो आईला घेऊन डोंगरावरच्या प्रार्थनाघरात गेला, गार फरशीवर पालथा पडला आणि भरल्या सभेत हमसून हमसून रडत देवाला म्हणाला, "हिला ठेव, मला घे." ऑपरेशन झालं, बोंग्ने वाचली. जेमुनने पाना खाली ठेवला तो कायमचा. चर्चचा पाळक व्हायचं म्हणून त्याने बुसानच्या कॉलेजात ईश्वरविज्ञानाच्या पदवीला नाव घातलं.

आता त्याचं शेवटचं वर्ष होतं. प्रभूने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला त्याला कधी ह्या, कधी त्या मंडळीत बोलावत. ऐकताना बायकांचे रुमाल ओले होत. त्या साक्षीत ऑपरेशन दीड वाक्यात उरकायचं आणि डोंगर अर्धा तास चालायचा. पण पोरगा खोटं बोलत होता असं कुणी म्हणू नये. त्याने तेव्हा जे पाहिलं ते तसंच पाहिलं होतं.

थंडी सुरू होता होता दुखणं परत आलं. तेच, त्याच जागी. बोंग्ने दवाखान्यात गेली नाही. गेली असती तर कागदावर आलं असतं, कागदावरचं गावात आणि गावातलं कॉलेजात. पण खरी भीती ती नव्हती. पोराने देवाला आख्खं आयुष्य देऊन टाकलं होतं. तिने त्या बदल्यात फक्त बरं राहायचं होतं. एवढं साधं काम आपल्याकडून होऊ नये याची तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती.

शनिवारी दुपारी जेमुन घरी आला. तिने त्याच्यासाठी कालवं घालून भात केला होता. त्याने दोन वाट्या चापल्या आणि मग तिच्या वाटीकडे पाहिलं.

"तू का खात नाहीस?"

"शेडमध्ये खाल्लं. माल्सुन ऐकते का? कोंबते नुसती."

"बारीक झालीस, आई."

"कालवांच्या हंगामात कोण जाड होतं? तू आपलं उद्याचं बघ. पाठ झालंय ना?"

"ते आता झोपेतही म्हणेन." तो हसला. "आमचे सर परवा वर्गात म्हणाले, साक्ष म्हणजे कोर्टातल्यासारखी. पाहिलं तेवढंच बोलायचं. पुढचं बोललात की तुम्ही साक्षीदार राहिला नाहीत, वकील झालात." त्याने चमचा खाली ठेवला. "आई, तू बरी आहेस ना?"

हीच वेळ होती. ते बोंग्नेच्या ओठांवर आलं होतं. पण समोर तो बसला होता, चार वर्षं भाड्याच्या बोळकंडीएवढ्या खोलीत ग्रीक नि हिब्रू घोकून डोळ्यांखाली काळं झालेला. उद्याची मंडळी पदवीनंतर त्याला आपल्याकडे सेवेला घेणार होती.

"मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली आणि त्याच्या वाटीत आणखी भात वाढला.

रविवारी तिने हानबोक घातला. त्या घोळदार पोशाखात माणूस किती उरलंय ते कळत नाही. गालांना रंग लावला, दुखणं थांबवायच्या गोळ्या नेहमीपेक्षा जास्त घेतल्या आणि बुसानच्या त्या भल्यामोठ्या प्रार्थनामंदिरात पहिल्या बाकावर ताठ बसली. कृतज्ञतेचा रविवार होता. वेदीसमोर भोपळे, मुळे, सफरचंदं रचली होती. त्या पिकाच्या राशीशेजारी आपल्यालाही मांडून ठेवलंय असं तिला वाटलं.

जेमुन छान बोलला. डोंगर आला, थंडी आली, फरशी आली. मागे कुणीतरी हुंदका दिला. "आणि आज," तो पहिल्या बाकाकडे बघत म्हणाला, "आज माझी आई पूर्ण बरी होऊन तुमच्यात बसली आहे."

"आमेन!" मंदिर दणाणलं. पाळकसाहेब खुर्चीतून उठले. "जेमुनच्या आई, जरा उभ्या राहा हो! मंडळीला तुम्हाला पाहू दे!"

हे कुणी सांगितलं नव्हतं. बोंग्नेने समोरच्या कठड्याला धरून अंग उचललं. पोटात सुरी फिरली. अर्ध्यात गुडघे वाकले, पण तिने दात दाबून हसू सोडलं नाही. टाळ्यांचा कडकडाट चालू असताना जेमुन पायऱ्या उतरून खाली आला आणि त्याने तिच्या पाठीमागून हात घातला.

लोकांना वाटलं, किती मायेचा पोरगा! बोंग्नेला मात्र त्याची बोटं कळली. रेशमाखाली त्यांना बरगड्या लागल्या आणि बोटं जागच्या जागी थिजली. मग पडणाऱ्या माणसाला धरतात तसं त्याने तिला घट्ट धरलं. तिचा सगळा भार त्याच्या हातावर गेला होता. तिने वर पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आता हा खरं बोलेल, तिला वाटलं. बोल बाबा, तिच्या मनात आलं, आणि स्वतःच्याच मनाचं तिला आश्चर्य वाटलं.

"प्रभूची स्तुती असो," जेमुन म्हणाला.

उपासना संपल्यावर एक तरुण बाई लेकीला घेऊन पुढे आली. मुलीच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती आणि टोपीखाली केस नव्हते. "आजी, हिच्या डोक्यावर हात ठेवाल? तुमच्यासारखी होऊ दे ती." बोंग्नेने हात ठेवला. बाईने जेमुनला विचारलं, "आम्हीही डोंगरावर जाऊ का? डॉक्टर म्हणतात औषध थांबवू नका."

"औषध थांबवू नका," जेमुन पटकन म्हणाला. त्याला आणखी काही बोलायचं होतं, पण मागे पाळकसाहेब उभे होते. "आणि विश्वास ठेवा," तो म्हणाला. त्याचा आवाज जड, गोड लागला होता. हाच आवाज ऐकायला आपण जगलो, आणि तो ऐकवेना, असं बोंग्नेला झालं.

परतीच्या बसमध्ये त्याने तिला खिडकीकडची जागा दिली.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"थंडी लागली तेव्हापासून."

तो रडेल म्हणून ती वाट पाहत होती. डोंगरावर हा किती रडला होता! नाक पुसायचंही भान नव्हतं त्याला. पण जेमुन कोरड्या डोळ्यांनी समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिला.

"उद्या दवाखान्यात जाऊ," तो म्हणाला. "थोंगयंगला नको. बुसानलाही नको. तेगूला जाऊ. तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही."

"बरं," बोंग्ने म्हणाली. त्याने आपला कोट काढून तिच्या गुडघ्यांवर घातला आणि कडा नीट खोचून दिल्या.