विहिरीतला राक्षस आणि टँकरचे साहेब

ख्वाजाला राक्षस व्हायला मिळालं ते निव्वळ उन्हाच्या कृपेने. तेलगावजवळच्या त्यांच्या गावात, विहिरी भरलेल्या होत्या त्या काळात, एका सिनेमाचं शूटिंग आलं होतं. विहिरीतून केसाळ राक्षस निघतो आणि गावाच्या मागे लागतो, एवढीच कथा. पण राक्षसाचं काम करणारा नट त्या केसाळ झग्यात भोवळ येऊन पडला. तेव्हा विहिरीचे मालक राधाकिशनतात्या यांनी मोटार दुरुस्तीला आलेल्या ख्वाजाला मोटारीच्या खोलीत ओढलं आणि झग्यात कोंबलं. "बोलू नको बे कुणाला. गंमत बघू." झग्याच्या भोकांतून ख्वाजाला धड काही दिसत नव्हतं. समोर जो दिसेल त्याच्या मागे तो धावत सुटला. गाव जिवाच्या आकांताने पळालं आणि गुपित दोघांतच राहिलं.

नंतर पाऊस रुसला आणि तात्याही गेले. मग ख्वाजा सांगू लागला, राक्षस मीच होतो. गावाने त्याला वेड्यात काढलं. एकुलता एक साक्षीदार वर जाऊन बसला होता, त्याला बोलावणार कसं?

सिनेमा थेटरात लागलाच नाही. यंदा त्याची व्हिडिओ कॅसेट तेवढी निघाली. कव्हरवर हिरव्या तोंडाचा, तीन शिंगांचा भलताच राक्षस होता, सिनेमात असला प्राणी औषधालाही नव्हता. खाली ठळक छापलं होतं, 'यंदाचा नवाकोरा थरार'.

"ख्वाजा, तुजी शिंगं कुटं गेली बे?" गावातल्या सटवाने विचारलं आणि पोट धरून हसला. ख्वाजालाही क्षणभर वाटलं, आपणच स्वप्न बघितलं की काय?

तसे यंदा हसण्यासारखे दिवस नव्हते. विहिरींचा तळ उघडा पडला होता आणि गावाचा जीव टँकरच्या मंजुरीत अडकला होता. टँकर मंजूर करणारे साहेब सकाळी आले आणि विहिरी बघून जेवायला थांबले. दूध सोसायटीचे चेअरमन मोहनराव म्हणजे पाहुणचारात हात आखडणारा माणूस नव्हे. जनावरांच्या संगोपनाच्या फिती दाखवायला सोसायटीने टीव्ही आणि व्हीसीआर घेतला होता. मोहनराव म्हणाले, "साहेब, आमचं गाव सिनेमात आलंय. बघूनच जा." झालं, माणसाने आपल्या हाताने साऱ्या गावाच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

सोसायटीच्या खिडक्यांना पेंडीची पोती लावली. गाव दाटीवाटीने बसलं. ख्वाजाने कॅसेट आत सारली. जाहिराती सरल्या आणि विहीर आली, तुडुंब भरलेली. तिच्यातून राक्षस निघाला, पण त्याच्याकडे बघतो कोण? सगळे डोळे पाण्यावर खिळले.

"अगं माय, किती पानी!" छबुबाई पुटपुटली. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"ही सकाळचीच विहीर ना? ती तर कोरडी होती."

टँकरच्या आशेने काही गावं साहेब यायच्या आदल्या दिवशी विहीर उपसून ठेवतात, हे त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांनी कव्हर उचललं आणि 'यंदाचा' या शब्दावर बोट ठेवलं. "मोहनराव, उपसलीत कधी?"

एकच गिल्ला झाला. कुणी म्हणालं शूटिंग दोन वर्षांमागचं, कुणी म्हणालं तीन, मोहनराव लेकरांच्या शपथा घेऊ लागले. गाव जितकं खरं बोलत होतं तितकं खोटं वाटत होतं.

ख्वाजाला राहवेना. "साहेब, दुष्काळाच्या आधीचा हाय हा शिनुमा. मला ठावं हाय. त्यो राक्षस मीच हाय."

साहेबांनी कव्हरवरच्या तीन शिंगांकडे पाहिलं, मग ख्वाजाकडे. एवढ्या संकटातही सोसायटी खो खो हसली. ख्वाजाला काही उमजेना. खरं बोलावं तर हसतात, गप्प बसावं तर टँकर जातो. त्याला रडूच येऊ लागलं.

टीव्हीवर गाव पळतच होतं. सगळ्यांच्या शेवटी गुलाबी फेट्याचा एक माणूस आला, आणि मागच्या रांगेतून केसरबाई ओरडल्या, "थांबीव रे! आमचे मालक हायती ते!"

ख्वाजाने चित्र थांबवलं. थरथरणाऱ्या पट्ट्यांमागे राधाकिशनतात्या उभे राहिले. केसरबाई पुढे आल्या. साहेबांनी त्यांचं मोकळं कपाळ पाहिलं.

"कधी गेले?"

"मागल्या चैतात."

साहेबांनी टीव्हीवरच्या माणसाकडे एकदा आणि कव्हरवरच्या 'यंदाचा' या शब्दाकडे एकदा पाहिलं. मग कव्हर मोहनरावांच्या हातात देऊन उठले. "टँकर येईल. पण पाहुण्यांना असले सिनेमे दाखवत जाऊ नका."

गाव त्यांना पोचवायला बाहेर धावलं. केसरबाई मात्र तिथेच बसून राहिल्या. "फिरून लाव, ख्वाजा."

त्याने फीत मागे नेली. तात्या पुन्हा पळू लागले, मागे केसाळ हात पसरलेला राक्षस. आपण त्या दिवशी तात्यांच्याच मागे होतो, हे ख्वाजाला आज दिसत होतं.

"समदे रडकुंडीला आलेत," केसरबाई म्हणाल्या, "मग हे येकलेच कावून हासायलेत?"

ख्वाजाने राक्षसाच्या हातांवर बोट ठेवलं. "काकू, मागं मी हाय, हे त्यांना ठावं व्हतं म्हून."

केसरबाईंनी त्या केसाळ हातांकडे नीट पाहिलं. तात्या पळत पळत चित्राबाहेर गेले.

"खरंच तू व्हतास," त्या म्हणाल्या. "मंग धरून ठिवायचं व्हतंस की रे, बाबा."