आइस्क्रीमच्या बादलीतली निपिगॉनवाली

पाव कापायच्या सुरीनं एइलातातीनं माझ्या तळघरात जे केलं, ते बघून मी गुरासारखा ओरडलो होतो. आज तिचं नाव निघालं की टोपी काढतो. चुकलं तर चुकलं म्हणावं माणसानं, उगीच मिशीला पीळ देत बसू नये.

मी आर्वो निएमी. कॅनडातल्या थंडर बेच्या कागद गिरणीत एकतीस वर्षं क्रेन चालवली. चाळीस टनांचं रीळ फुलासारखं खाली ठेवायचो, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा माझा पक्का समज. माझी बायको डार्लीन. पाच वर्षांपूर्वी तिच्या पायांच्या नसा बिघडल्या. अंथरुणावर पडली की तळपायांना निखारे लागल्यासारखं होतं, डोळ्याला डोळा लागत नाही. गोळ्यांनी ती दिवसा पेंगायची आणि रात्र टक्क जागी. गुण आला तो एकाच गांजाच्या तेलाचा. निपिगॉन गावच्या एका म्हाताऱ्या कोळ्यानं त्या झाडाची एक फांदी मला दिली होती. तो गेला, त्याचं घर विकलं गेलं, त्याची झाडं कुठं गेली देव जाणे. जातीला नाव नाही, म्हणून आम्ही तिला निपिगॉनवाली म्हणतो. दुकानातली सात तेलं आणून पाहिली, पण डार्लीनला झोप लागेल तर शपथ!

सरकारनं घरटी गांजाची चार झाडं लावायची मुभा दिली आणि आमच्याकडच्या लोकांची अक्कल गहाण पडली. चारच ना, मग प्रत्येकाला हत्तीला आंघोळ घालता येईल एवढी कुंडी! आमच्या गल्लीतल्या कुठल्याही तळघरात जा, दिव्याखाली हेच दिसेल. मीही त्यातलाच. त्या वर्षी निपिगॉनवालीची तीन कलमं, बोटाएवढी, मी थेट साठ-साठ लिटरच्या टबांत लावली. नाकापेक्षा मोती जड! एवढ्याशा मुळांना एवढं पाणी पिववेना. माती आठवडेच्या आठवडे चिखल राहिली आणि तिन्ही पोरं मुळापासून कुजली.

आणि त्यांची आई? ती आइस्क्रीमच्या चार लिटरच्या बादलीत, दोन वर्षं. हिच्यावरून नुसती कलमंच तर काढायची, हिला कशाला जागा, असा माझा हिशेब. पोरांना राजवाडा आणि आईला काडेपेटी.

डिसेंबरात ती पिवळी पडायला लागली. मी खत घातलं. पानांची टोकं करपली. मी आणखी खत घातलं, कारण भुकेल्याला वाढावं एवढंच मला ठाऊक. पाणी घातलं की बादलीच्या कडेनं सरळ खाली गळून जाई आणि दुसऱ्या दिवशी झाड मान टाकून उभं. तिच्यावरून सहा कलमं काढली, एकानंही मूळ धरलं नाही. डार्लीनचं तेल जूनपर्यंत पुरलं असतं, जेमतेम. त्यानंतर काय, हे आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

रविवारी आम्हा फिनलंडवाल्यांच्या फिनिश हॉलमध्ये कॉफी पिताना मी हे रडगाणं गात होतो. शेजारच्या टेबलावर एइलाताती बसली होती. आमच्या फिनिशमध्ये ताती म्हणजे मावशी. अख्खी गल्ली तिला तसंच म्हणते. वय एक्क्याऐंशी, उंची माझ्या खांद्याएवढी, आणि खिडक्यांत तिच्या सासूच्या काळापासूनची जिरेनियमं.

"आर्वो," ती म्हणाली, "तुझ्या झाडाला भूक नाही लागलेली. त्याला बूट लहान होतोय."

"ताती, तू आपली जिरेनियमं सांभाळ," मी म्हणालो. "हे बायकांचं खिडकीतलं काम नाही."

सगळं टेबल हसलं. तिनं वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवला, खाल्ला आणि म्हणाली, "बरं बाबा. खायला घाल मग. मेलेलं जाडजूड दिसतं का ते बघू."

पुढच्या आठवड्यात आणखी नऊ पानं गळाली. मंगळवारी, बाहेर उणे एकतीस असताना, मी तिच्या दारात उभा. मान खाली. ती दारातच म्हणाली, "आलास? ये. तोंड असं का करतोस, मी काही चावत नाही. दात माझे नाहीतच."

आमच्या तळघरात आल्यावर तिनं आधी काही केलं नाही. बादली उचलून वजन पाहिलं. बुडाची भोकं पाहिली; तिथून मुळं बाहेर येऊन दोऱ्यासारखी वाळली होती. मग बादली आडवी धरून दोन चापट्या मारल्या आणि झाड उपसून माझ्यापुढे धरलं. आई शप्पथ, माती दिसतच नव्हती! मुळंच मुळं, बादलीच्या आकाराची, गोल गोल फिरून घट्ट बसलेली, शेवयांचा वाळलेला गोळाच जसा.

"बघ," ती म्हणाली. "दोन वर्षं ही बया भिंतीला धडका देत गोल फिरतेय. तू वरून जेवण ओततोस, पण खाणार कुठं? तोंड उघडायला जागा नाही."

"मग घालू मोठ्या टबात?"

"म्हणजे तीन पोरं बुडवलीस तशी आईही बुडव! आर्वो, अरे, अंथरूण पाहून पाय पसरावेत. एक माप वर, जास्त नाही. पण त्याआधी ही गाठ कापायला हवी. नाहीतर ती नव्या घरातही जुन्यासारखीच गोल फिरत राहील. जा, वरून पावाची सुरी आण. आणि स्पिरिटनं नीट पुसून आण, घाई करू नकोस."

मी वर गेलो. डार्लीन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती, तिला ओलांडून जावं लागलं. सुरी पुसून आणेपर्यंत पाचेक मिनिटं गेली असतील.

एइलातातीनं सुरी हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलंच नाही. डार्लीनकडे बघितलं. डार्लीन म्हणाली, "काप."

आणि तातीनं मुळांचा खालचा दोन बोटं जाड थर, पाव कापावा तसा, करकर कापून टाकला! मी ओरडलो. "अगं ए बाई! एकच उरलंय ते! जगात एकच!"

"ओरडू नकोस, झाडाला नाही, मला त्रास होतो." तिनं चारही बाजूंनी वरून खाली चिरा दिल्या, तपकिरी जुनी मुळं बोटांनी मोकळी केली, आतली पांढरी सांभाळली. वरच्याही एक तृतीयांश फांद्या छाटल्या. "मुळं कमी झाली, तर तोंडंही कमी हवीत. नाहीतर एकटीनं किती जणांना पाजायचं?" पर्समधून तिनं एक पिशवी काढली. आमच्याच गिरणीतल्या नमद्याची, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडाची, हातानं शिवलेली, सात लिटरची. "यातून हवा जाते. मूळ कडेला आलं की हवा लागून तिथंच थांबतं आणि मागून नवीन फाटे फोडतं. गोल फिरणं बंद."

तिचे हात मी बघत होतो. सांध्यांना गाठी आलेले, नखांत काळी माती, आणि तरी एकही पांढरं मूळ तुटलं नाही. एकतीस वर्षं क्रेनवर काढली, पण इतके अलगद हात मी बघितले नव्हते. खोटं कशाला बोलू, मला माझी लाज वाटली.

मग सुरू झाला खरा छळ. झाड मलूल पडलं. पानं ओल्या फडक्यासारखी लोंबायला लागली. एक दिवस, दोन, पाच. एइलाताती रोज सकाळी बर्फातून चालत यायची, दिवा वर टांगायची, पिशवीला बोट लावायची, कपभर पाणी द्यायची आणि म्हणायची, "थांब." मी खताच्या बाटलीकडे नुसतं बघितलं तरी हातावर चापट. डार्लीन एक शब्द बोलत नव्हती. शांतपणे मोजे विणत बसायची. मला वाटायचं, हिला कळतंय तरी का काय पणाला लागलंय?

नवव्या दिवशी शेंड्याची दोन पानं वर उचलली गेली. बाराव्या दिवशी नमद्यातून पांढरं टोक डोकावलं, तांदळाच्या दाण्याएवढं. मी तातीला उचलून गोल फिरवलं. ती म्हणाली, "ठेव खाली गाढवा, हाडं आहेत माझी."

फेब्रुवारीत पाच कलमं काढली, पाचांनी मूळ धरलं. तीन ठेवली, दोन गल्लीत वाटली. आधी कपात, मुळं कपाला लागली की दोन लिटरमध्ये, मग बारा लिटरच्या नमद्याच्या पिशवीत. एकेक पायरी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डार्लीनची जुनी बाटली संपायला चार दिवस असताना नव्या झाडांचं तेल काढून नवीन भरली. ती झोपली, आणि सकाळी नऊपर्यंत उठली नाही.

त्या दिवशी मी वेलदोड्याचा पाव घेऊन तातीकडे गेलो. अंगणात बसलो. म्हणालो, "ताती, गांजाची किती झाडं अशी कापून वाचवलीस आजवर?"

"एक."

"म्हणजे आमच्या आधी किती?"

"तुमच्या आधी एकही नाही रे. तुमचंच. जिरेनियमं शेकड्यांनी कापली. गांजाला त्या दिवशी पहिल्यांदा हात लावला. मरेल का जगेल, मला काय माहीत?"

माझ्या हातातला पाव तसाच राहिला. "आणि तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. तू सुरी पुसत होतास तेव्हा. म्हटलं, पोरी, मला खात्री नाही, अर्धी-अर्धी शक्यता आहे. नाही कापलं तर महिन्याभरात जाईल हे मात्र नक्की. तिनं विचार केला आणि म्हणाली, काप."

"मला का नाही विचारलंस? झाड माझं!"

"झाड तुझं," ताती म्हणाली. "झोप तिची."

टब मी आणले, खत मी घातलं, बादली मी निवडली. दोन वर्षांत एकदाही त्या बाईला विचारलं नव्हतं, तुला काय वाटतं म्हणून. आणि ती नऊ दिवस, सगळं ठाऊक असून, माझ्यासमोर मोजे विणत बसली होती. माझे मोजे.

घरी आलो. डार्लीन दिव्याखाली झाडांना पाणी घालत होती. मी पायरीवर बसलो आणि विचारलं, "आईझाडाला आता दहा लिटरची पिशवी द्यायची का गं?"

तिनं वळून माझ्याकडे बघितलं. मग बोट मातीत खुपसलं आणि म्हणाली, "अजून नाही."

"बरं," मी म्हणालो.