पाण्याची रेघ

सुप्रभेनं चष्मा काढला की तंजावूर विरघळून जाई. राजवाड्यामागच्या गल्लीत तिचं घर. सकाळी दार उघडून ती उंबऱ्यात तशीच उभी राहिली की समोरची घरं, तारेवरचे कावळे, दारात कोलमची रांगोळी काढणाऱ्या वत्सलाबाई, सगळ्यांच्या कडा सुटून एक मऊ, हलतं, रंगीत धुकं उरे. पिवळा डाग वाकला की वत्सलाबाई, निळा डाग डुलत आला की दूधवाला. कार्तिकातल्या दिव्यांच्या संध्याकाळी तर ती लहानपणापासून मुद्दाम चष्मा काढून दारापुढच्या तिण्णैवर, ओट्यावर, बसायची. इतरांना पणत्या दिसत. तिला प्रत्येक ज्योतीचं थाळीएवढं सोनेरी फूल दिसे, आणि सगळी गल्ली त्या फुलांनी भरून वाहू लागे.

नंबर होता उणे सोळा. चष्म्याच्या दुकानात जाऊन ती नेमानं काचा बदलून घेई, आणि डोळ्यांची काळजी म्हणजे एवढंच, असं तिला प्रामाणिकपणे वाटत आलं होतं. मागे एकदा डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्याच्या मागचा पडदा दरवर्षी तपासून घ्या. त्यानंतर हरिणीचा जन्म झाला, कॉलेजातली नोकरी पक्की झाली, आणि ते राहून गेलं.

दूरचं नसलं तरी जवळचं तिला असं काही दिसे की विचारू नका. मुलींच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची. चष्मा कपाळावर सरकवून पान अगदी नाकाशी धरलं की त्यावरची लव, शिरांची जाळी, परागाचा कण न् कण तिच्यापुढे उघडा होई. मुली भिंग शोधत बसत, तोवर मॅडमचं बघून झालेलं असे.

त्या वर्षी मार्गळी महिन्यात, ऐन थंडीत, ती मुलींना घेऊन तिरुवैयारुच्या पलीकडच्या एका शेतावर गेली. भात फुलोऱ्यावर आलं होतं. भाताचं फूल ऊन जरा तापलं की उघडतं आणि बघता बघता मिटतं. ज्यांच्या पिढ्या भात खाण्यात गेल्या, त्यांतल्या कितीकांनी ते पाहिलेलंही नसतं. सुप्रभा बांधावर बसली, चष्मा काढला आणि एक लोंबी डोळ्याशी आणली. हिरवी तुसं दोन ओठांसारखी विलग झाली होती आणि मधून पांढुरके केसर लोंबत होते. ती हरवून गेली. तेवढ्यात डाव्या डोळ्यापुढून काळ्या ठिपक्यांचा एक झुबका उतरला, कोणी मूठभर मोहरी पाण्यात सोडावी तसा. शेतातली चिलटं असतील म्हणून तिनं हात हलवला. चिलटं हलली नाहीत. डोळा फिरवला की तीही फिरत, डोळा थांबला की सावकाश खाली बसत.

परतीच्या बसमध्ये तिनं डोळे मिटले, तर मिटल्या डोळ्याच्या कडेला उजेडाची एक कोयरी चमकली आणि विझली. पुन्हा चमकली. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. उलट कावेरीच्या पुलावरून जाताना तिला वाटलं, आपल्या डोळ्यात कोणीतरी एकटंच दीपावली साजरी करतंय. तिनं कोणाला काही सांगितलं नाही. लहानपणापासून आपल्याला दिसणारं आपल्यापाशी ठेवायची सवयच लागली होती.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी तिचे वडील, सीतारामराव, समोर बसले होते. ते भूमापन खात्यातून निवृत्त झालेले, बोलायला कमी. त्यांचा डावा डोळा सुप्रभा कॉलेजात असतानाच गेला होता. सुप्रभेनं कॉफीचा टंबलर त्यांच्यापुढे ठेवला आणि सहज म्हणून सांगून टाकलं की आज गंमत वाटतेय, डाव्या डोळ्यात नाकाच्या बाजूनं खालून काळं पाणी चढल्यासारखं दिसतंय, कालव्याला पाणी सोडल्यावर चढतं तसं.

सीतारामरावांनी उचललेला टंबलर तसाच खाली ठेवला.

"त्याआधी चमकलं होतं काय?"

"काल चमकलं, अप्पा. ठिपकेही दिसले."

"ऊठ. आत्ता जायचं."

तिनं सांगून पाहिलं की आज मुलींची प्रात्यक्षिक परीक्षा आहे, उद्या गेलं तर चालेल. सीतारामराव तोवर चप्पल घालून दारात उभे होते. "मी पोंगल होऊन जाऊ दे म्हटलं होतं," एवढंच ते म्हणाले. पुढे बोलायची गरज नव्हती. त्या पोंगलनंतर त्यांच्या डोळ्याचं काय झालं, ते ती रोज बघतच होती.

तिचा नवरा मुरलीकृष्ण कुंभकोणमला वीज मंडळात होता. त्याला फोन करून बापलेक भाड्याच्या गाडीनं तिरुचीच्या डोळ्यांच्या इस्पितळात गेले. थेंब घालून बाहुली मोठी केली, प्रखर दिवा डोळ्यात आला, आणि डॉक्टर कृष्णवेणी बराच वेळ वर बघा, खाली बघा, कानाकडे बघा असं म्हणत राहिल्या. त्या वयानं सुप्रभेएवढ्याच, शांत बोलणाऱ्या बाई. त्यांनी तमिळमध्ये समजावलं ते असं, की एवढ्या मोठ्या नंबराचा डोळा लांबट असतो. डोळा लांबला की आतला पडदाही ताणला जातो, जुन्या साडीसारखा विरतो. तुमचा तो वरच्या बाजूला फाटलाय आणि फटीतून पाणी मागे शिरून पडदा सुटत चाललाय. नजरेचा मधला भाग अजून जागेवर आहे. आज आलात म्हणून आहे.

"पण मी चष्मा वेळच्या वेळी बदलते," सुप्रभा म्हणाली.

"चष्म्यानं लांबचं दिसतं. डोळा होता तेवढाच लांब राहतो," डॉक्टर म्हणाल्या. "चष्मा लावा, लेन्स लावा, लेझरनं नंबर घालवा, पडदा तेवढाच नाजूक. तो वर्षाला तपासायलाच हवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया झाली. पडदा जागेवर दाबून बसवला आणि तो धरून ठेवायला डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला. आता तो बुडबुडा मागच्या बाजूला टेकून राहायला हवा, म्हणून तिनं दिवसरात्र मान खाली घालून राहायचं. जेवताना, बोलताना, झोपतानासुद्धा. बुडबुडा विरेपर्यंत विमान नाही, घाट चढायचा नाही.

आणि सुप्रभेचं जग जमिनीवर उतरलं.

मुरलीकृष्णानं रजा घेतली. त्यानं पलंगाच्या कडेला उशा रचून तिच्या कपाळाला टेकण करून दिलं. चष्मा घालायचा तर तो घसरून पडायचा, तेव्हा तोही नाही. खाली लाल गिलाव्याची गुळगुळीत जमीन होती. चष्म्याशिवाय तिला ती संध्याकाळच्या नदीसारखी दिसे, तांबडी आणि तळ नसलेली. त्या नदीत सकाळी उजेडाचा एक चौकोन पोहत येई, दुपारी भिंतीकडे सरके, नाहीसा होई. माणसं आली की नदीत सावळे डाग उतरत. पाय घासत आला तो डाग अप्पांचा, जोडव्यांचा आवाज करत आला तो वत्सलाबाईंचा. त्या रोज रसम घेऊन येत आणि नळीनं पिण्याइतकं पातळ केलंय असं सांगत. डाव्या डोळ्यात तर नुसता दुधी उजेड होता. मोरीवर टपटपणारं पाणी, राजवाड्याकडून येणारा पारव्यांचा घुमार, दूरच्या बसचा कर्णा, सगळं तिला पाण्याखालून ऐकल्यासारखं येई. झोप आणि जाग यांच्यामधली भिंतच राहिली नव्हती. कधी वाटे, आपण भाताच्या खाचरावर पालथ्या तरंगतोय आणि खाली सगळी मुळं दिसताहेत.

भीती वाटे ती मधेच, जेवताना नाहीतर कूस बदलताना. डोळा नाही आला परत तर? मग पान कोणत्या डोळ्याशी धरायचं? उजवा डोळाही त्याच मातीचा. त्यातही दोन जागी पडदा विरलेला सापडला होता, आणि तिथं लेझरचे टाके घालायचं ठरलं होतं. रडायचीही पंचाईत होती, डोळे चोळायचे नव्हते.

हरिणी चौथीत होती. पहिले दिवस ती आईपासून लांबच राहिली. पाठीकडून आईशी काय बोलायचं, ते तिला कळेना. मग एका दुपारी तिनं आपला उपाय काढला. ती जमिनीवर उताणी झोपली आणि सरपटत पलंगाच्या कडेखाली शिरली. आईला इतक्या लांबचं दिसत नाही म्हटल्यावर डोक्याखाली उशांवर उशा घेत वर वर आली. शेवटी नाकाला नाक लागेल इतकी जवळ आल्यावर तांबड्या नदीतून एकदम एक चेहरा उगवला, स्वच्छ, लखलखीत. सुप्रभेच्या उजव्या डोळ्याला तिची एकेक पापणी दिसली. नाकाच्या शेंड्यावर तीळ होता बारीकसा. इतक्या वर्षांत तो तिनं पाहिलाच नव्हता.

"आता दिसतों काय मी?" हरिणीनं विचारलं.

"दिसतेस. आणि मी तुला?"

"मज पण दिसतेस. चांगली दिसतेस." दोघींचे श्वास एकमेकींच्या गालांवर येत होते. मग हरिणी हळूच म्हणाली, "असं जवळचं चांगलं दिसतं, अम्मा. वर्गातला फळा नाही दिसत."

सुप्रभेला उठून बसावंसं वाटलं, पण मान हलवायची नव्हती. तिनं आवाज तसाच ठेवून विचारलं, कधीपासून. हरिणीनं सांगितलं ते तुकड्यातुकड्यानं. शाळा सुरू झाल्यापासून. शेजारी बसणाऱ्या नंदिताच्या वहीत बघून ती लिहून घेते. सांगितलं असतं तर चष्मा लागला असता, मग तो जाड झाला असता, मग तिलाही असं खाली बघत झोपावं लागलं असतं.

अप्पांकडून सुप्रभेकडे, तिच्याकडून या इवल्या तोंडाकडे. आपण पेटीतल्या दागिन्यासारखं हे पुढे दिलं, असं तिच्या मनात आलं. पण तो चेहरा उत्तराची वाट बघत होता.

"चष्म्यानं असं होत नाही," ती म्हणाली. "अम्मानं तपासायला जायचं सोडलं, आणि दिसलं तेव्हा कोणाला सांगितलं नाही. तू सांगितलंस ना, आता आपण दोघी जाऊ."

हरिणीनं हात वर करून आईच्या गालावर ठेवला. दोघी तशाच पडून राहिल्या. उजेडाचा चौकोन हरिणीच्या पायांवरून भिंतीकडे गेला.

मान वर करायची परवानगी मिळाली तेव्हा सुप्रभेच्या डोळ्यात एक नवीनच नवल सुरू झालं. बुडबुडा विरू लागला होता, आणि नजरेत आडवी पाण्याची रेघ आली होती. रेघेच्या वर घर, माणसं, खिडकी. रेघेखाली डुचमळणारं काळसर तळं. ती चालली की तळं हिंदकळे, मान कलली तरी रेघ मात्र सपाटच राही. दिवसागणिक रेघ उतरत गेली. आधी छत आलं, मग मुरलीकृष्णाचं कपाळ आलं, मिशा आल्या. तिनं तसं सांगितल्यावर तो हसला आणि म्हणाला की हनुवटी येईल त्या दिवशी दाढी करीन. शेवटी तळ्याचा एक थेंब उरला, आणि एका सकाळी तोही नव्हता.

डोळा वाचला, पण अगदी होता तसा नाही. त्या डोळ्यानं खिडकीचा गज जरासा वाकडा दिसतो, अक्षरं मधेच बसकी होतात. पुढं मोतीबिंदू लवकर येईल असंही डॉक्टरांनी सांगून ठेवलं. उजव्या डोळ्यावर लेझर झालं. हरिणीला तपासलं तर नंबर उणे दोनच्या पुढे गेलेला. डॉक्टर कृष्णवेणींनी तिला निळ्या फ्रेमचा चष्मा दिला आणि रात्री घालायचे थेंब दिले. वाचताना पुस्तक हातभर लांब धरायचं आणि मधून मधून मान वर करायची. शिवाय रोज दिवसाउजेडी बाहेर खेळायचं, घरात कोंडून राहायचं नाही. नंबर वाढेलच, पण सावकाश वाढू दे, त्या म्हणाल्या. आलेला नंबर मागे फिरत नाही, वाढणारा थोडा धरता येतो.

बाहेर न्यायचं काम सीतारामरावांनी आपणहून घेतलं. शाळा सुटली की रोज संध्याकाळी, उन्हं असतानाच, ते नातीला शिवगंगा बागेकडे नेत. सुप्रभेला फिरायची मोकळीक मिळाली त्या दिवशी तीही निघाली. गल्लीच्या तोंडाशी जरा गोंधळ झाला. लेकीचा डावा डोळा कच्चा म्हणून सीतारामराव तिच्या डावीकडे आले. वडिलांना डावीकडचं दिसत नाही म्हणून ती वळसा घालून त्यांच्या डावीकडे गेली. असं दोनदा झालं, आणि एक मोपेड हॉर्न वाजवत दोघांना चुकवून गेली. हरिणी चष्मा वर सरकवत बघत होती. तिनं दोघांना भिंतीकडे केलं, स्वतः सगळ्यांच्या डावीकडे आली आणि आईचं बोट धरलं.

"वाळूची लॉरी येते," ती म्हणाली. "अजून लांब आहे. चला."