धुनी आणि कढई

कुरुंद्याच्या शिवारातला तो पत्र्याचा मांडव मंगळवारी दुपारी माणसांनी कोंदून जायचा. वरून चैत्राचं ऊन, मधोमध पेटलेली धुनी आणि धुनीला लागून बसवलेली संगिता. जवळच्या तांड्यावरच्या प्रेमदासची बायको, वय अठ्ठावीस. ती स्वतःच्या पायांनी चालत आली होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. अर्ध्या तासात तिचे पाय लुळे पडले, डोळ्यांपुढे धुकं आलं.

"बघा, अग्नीला भिऊन पायातलं वारं वर आलं," धुनीवाले महाराज म्हणाले. "वारं अडाणी असतं. त्याला डॉक्टरचे फोटो वाचता येत नाहीत. त्याला फक्त माझी भाषा कळते."

मग मंत्र पुटपुटत त्यांनी रांजणातलं गार पाणी घागरी भरभरून तिच्या डोक्यावर ओतलं आणि तिला बाहेर लिंबाखाली बसवलं. थोड्या वेळाने संगिता उठली, चालली. बायांनी हात जोडले.

पाच मंगळवारांत वारं मुळासकट जाणार होतं. अट एकच, घरात डॉक्टरचं औषध नको. हा तिसरा मंगळवार होता.

प्रेमदास माझा जुना विद्यार्थी. २००२ साली संगिताला पहिला झटका आला, तेव्हा मीच दोघांना नांदेडला डॉ. अपर्णांकडे नेलं होतं. मेंदूचा फोटो काढून त्यांनी रोगाचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. वायरीवरचं रबर जावं तसं नसांवरचं आवरण जागोजागी झिजतं. झटका येतो, ओसरतो, पुन्हा येतो. मुळापासून जात नाही. विस्तवापासून जपा, असंही त्या म्हणाल्या होत्या. त्याला आता दोन वर्षं झाली होती.

तिसऱ्या मंगळवारनंतर संगिताचा उजवा डोळा दुखू लागला, दिसेनासं होऊ लागलं. हे पाण्याने उतरणारं नव्हतं. फोनवर डॉक्टर म्हणाल्या, नवा झटका दिसतो, उशीर करू नका. सोमवारी मी तांड्यावर गेलो. संगिता जायला तयार नव्हती.

"गुर्जी, मी डॉक्टरीनबाईला इचारलं, धा वर्षांनी मी चालंन का? म्हणे, सांगता येत न्हाई. महाराज सांगतो, पाच मंगळवार. तुमीच सांगा, मी कोणाचा हात धरू?"

गणित अडलं की वर्गात मी पोरांना एक पायरी मागे नेतो, तेच केलं. विचारलं, याआधी कधी असे पाय गेले होते?

तिची सासू जिवनबाई म्हणाली, फागणात गेले होते. दोघी हळद शिजवायला कुरुंद्यात गेल्या होत्या, तेव्हा वाफाळत्या कढईपाशी. म्हातारीने तिला ओढून सावलीत नेलं, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं, घटकाभरात सून उठली.

"आणि मंत्र कोणता म्हणालात?"

"म्या काय मंतर म्हणू? शिव्या देल्या, इतकी जड कशी झाली म्हून."

एवढं बोलून जिवनबाई सुनेच्या पायांकडे बघू लागली. संगिता मात्र ऐकेना. उद्याचा मंगळवार चुकला तर आधीचे तिन्ही फुकट जातील, असं महाराजांनी तिला सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मीही मांडवात गेलो. धुनी पेटली, पाय गेले. महाराजांनी मंत्रासाठी डोळे मिटले, तोवर जिवनबाईने सुनेला बखोटीला धरून लिंबाखाली ओढलंसुद्धा. घागर तिने स्वतःच ओतली. मंत्र नाही, काही नाही. माणसं वाट बघत उभी राहिली. संगिता उठली.

महाराज म्हणाले, माझी शक्ती त्या पाण्यात उतरली होती.

"पाणी म्या घरून आणलंय," जिवनबाई म्हणाली. "आन् फागणात कढईपाशी हिचे पाय गेलते, तवा तुमी कुठं होतात?"

मग मी लोकांना समजावून सांगितलं. अंग तापलं की झिजलेल्या नसा काम करेनाशा होतात, निवलं की पुन्हा करू लागतात. पाय घालवत होती धुनी, आणत होता गारवा. महाराज नुसते मधे बसले होते.

"म्हंजे दुखणं बी तुमीच द्यायचं आन् उतारा बी तुमीच?" शेतकरी ग्यानोबाने महाराजांना विचारलं. माणसं हसली, पांगली.

संगिता हसली नाही. तिथूनच आम्ही तिला घेऊन नांदेडला निघालो. जीपमध्ये ती म्हणाली, "तुमचं बराबर हाय, गुर्जी. पण माज्याकडं एक मंगळवार उरला व्हता. त्यो बी तुमी घेतला."

दवाखान्यात तिने पुन्हा तोच प्रश्न केला. डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या.

"काही जण वीस वर्षांनीही चालतात. काहींना काठी लागते, काहींना चाकाची खुर्ची. तुम्ही त्यांतल्या कोण, ते मला आज माहीत नाही. दर झटक्याला लवकर आलात तर तो लवकर ओसरायला मदत करता येते."

"खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं मला."

"मग पुढच्या वेळी माझं खरं कसं मानाल?"

संगिता बराच वेळ रडली. मग तिने सलाईनमधून द्यायच्या औषधासाठी हात पुढे केला.

डोळा बराचसा परत आला. सगळा नाही. लाल रंग तिला अजून फिका दिसतो.

मुलांनो, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, हेच दुसरीकडे कुठे मंत्राशिवाय घडलं होतं का? आणि घरात पुरतं बरं न होणारं माणूस असेल, तर त्याला खोटा वायदा देऊ नका. त्याच्यासोबत दवाखान्यात जा. डॉक्टर "माहीत नाही" म्हणतील, तेव्हा उठू नका. त्याच्याशेजारी बसून राहा.